फौंड्रीची मशिनं नेटला जोडायचीयत, व्हेंडर म्हणतो "एक पोर्ट उघडून द्या" – देऊ का?

बिडाचा_कारभार (शिरोली)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आमची छोटी फौंड्री आणि मशीन शॉप आहे शिरोली एमआयडीसीत. वडिलांनी चालू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. एक इंडक्शन फर्नेस, सँड प्लांट, शॉट ब्लास्टिंग आणि पलीकडच्या शेडमध्ये नऊ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशिनं). आजपर्यंत प्रॉडक्शनचा हिशोब म्हणजे शिफ्ट संपली की सुपरवायझर फळ्यावर खडूने आकडे लिहिणार आणि त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॅपला टाकणार, झालं आमचं डिजिटायझेशन.

आता मोठ्या कस्टमरचं ऑडिट झालं आणि त्यांनी सांगितलंय की मशिनचा लाइव्ह डेटा पाहिजे, किती पीस निघाले, मशीन किती वेळ उभी होती, फर्नेसचं टेंपरेचर, युनिट किती जळाले, सगळं. सहा महिन्यांची मुदत दिलीय. तिघांकडून कोटेशन मागवलं तर तिघांची तीन तोंडं. पहिला म्हणतो प्रत्येक पॅनलला फोर-जी राउटर बसवतो, तुम्ही फक्त एक पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं एक दार, उघडायला परवानगी द्या, मग घरबसल्या मोबाईलवर फर्नेस बघा. दुसरा म्हणतो केबलचा जमाना गेला, प्रायव्हेट फाइव्ह-जी टाका. त्याचा आकडा बघून भावाने हातातला चहा खाली ठेवला. तिसरा लोरा लोरा करतोय, सगळ्यात स्वस्त आहे पण मला धड कळलं नाही.

भीती अशी की मागच्या वर्षी आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागून अकाउंटचा सगळा डेटा लॉक झाला होता, पेन ड्राइव्हवर आठ दिवसांपूर्वीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. तो कागदी घोटाळा होता, निस्तरला. इथे भांड्यात साडेचौदाशे डिग्रीचं वितळलेलं बीड असतंय आणि शेजारी पोरं उभी असतात. बाहेरच्या कुणी आकड्यांशी खेळ केला तर? की मी उगाच घाबरतोय?

पॅनलवाला_भोसरी

उगाच नाही घाबरत तुम्ही. पोर्ट उघडा म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि गेटपर्यंत सोडून या.

माझं पोट याच धंद्यावर आहे, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) पॅनल आणि स्काडा (प्लांटवर स्क्रीनवरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर), पंधरा वर्षं झाली, म्हणून नीट सांगतो. तुमचा सँड प्लांटचा पीएलसी बहुतेक मॉडबस बोलत असणार, म्हणजे मशिनांची आपसात बोलायची भाषा. हा मॉडबस १९७९ सालचा आहे, मॉडिकॉन कंपनीने काढलेला. तेव्हा वायर एका पॅनलमधून निघायची आणि शेजारच्या पॅनलला जायची, तिसरा माणूस मध्ये येणार कुठून, त्यामुळे त्यात पासवर्ड हा प्रकारच नाही. पुढे तोच मॉडबस इथरनेटवर चढवला, पोर्ट नंबर ५०२, पण स्वभाव तोच राहिला. जो कोणी दारात येऊन म्हणेल की अमुक रजिस्टरमध्ये (मेमरीच्या खणात) अमुक आकडा लिही, त्याचं हा मुकाट्याने ऐकतो. तू कोण, कुठला, काही विचारत नाही. सीएनसीवर फानुक कंपनीचा कंट्रोलर असेल तर तिथे डेटा काढायला त्यांचं फोकास लागतं, ८१९३ पोर्ट, आणि जुन्या कंट्रोलरवर तिथेही तीच गत.

आता हा पोर्ट नेटवर उघडलात की तुमच्या मोबाईलवर जसं दिसतं तसं जगाला दिसतं. शोडान नावाचं सर्च इंजिन आहे, ते वेबसाइटी नाही शोधत, नेटवर उघडी पडलेली उपकरणं शोधतं. कॅमेरे, पीएलसी, पंप, काय वाट्टेल ते. तुम्हाला कोणी मुद्दाम शोधत यायची गरजच नाही, यादीत नाव लागलेलं असतंय.

हे फक्त बोलायचं म्हणून नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अलिक्विपा म्हणून गाव आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या पाणीपुरवठ्याच्या बूस्टर पंपाचा युनिट्रॉनिक्सचा पीएलसी घुसखोरांनी ताब्यात घेतला आणि स्क्रीनवर स्वतःचा निरोप झळकवला. त्या सिरीजचा फॅक्टरीतून येणारा पासवर्ड होता ११११. चार एक. त्यात कसलं आलंय हॅकिंग, कडी नसलेलं दार ढकलल्यासारखं आहे. तिथल्या लोकांनी यंत्रणा बंद करून पंप हाताने चालवला म्हणून पाणी चालू राहिलं.

तुम्ही काय करायचं तर डेटा बाहेर ढकलायचा, बाहेरच्याला आत बोलवायचं नाही. मशीन शॉपमध्ये एक एज गेटवे बसवा, म्हणजे मशिनं आणि नेटच्या मधला छोटा कॉम्प्युटर, दोन लॅन पोर्टवाला (हे पोर्ट म्हणजे केबल खोचायची भोकं). एक पोर्ट मशिनांच्या स्विचला, दुसरा बाहेर जाणाऱ्या लाइनला. गेटवे आतून मॉडबस-फोकासने आकडे वाचेल, फक्त वाचेल, आणि एमक्यूटीटीने (आकडे पाठवायची पद्धत) टीएलएस (कुलूप लावलेली लाइन) लावून पोर्ट ८८८३ वरून बाहेर पाठवेल. बाहेरून आत यायला एकही पोर्ट नको. कस्टमरला आकडे पाहिजेत ना, आकडे मिळतील. तुमच्या फर्नेसला हात लावायचा त्याला काय संबंध? आणि एमक्यूटीटी १८८३ वर साध्या टेक्स्टमध्ये टाकतो म्हणाला कोणी, तर तोही पोर्टवाल्याचा भाऊच समजा.

सोमण_सॉफ्टवेअर

एवढी कटकट कशाला, नेटला जोडूच नका मशिनं. तारच नाही तर चोर येणार कुठून.

पॅनलवाला_भोसरी

@सोमण_सॉफ्टवेअर चोर खिशातून येतो. इराणच्या नतान्झचा सेंट्रिफ्यूजचा प्लांट नेटला जोडलेला नव्हताच, तरी स्टक्सनेट नावाचा मालवेअर आत पोचला, २०१० मध्ये जगाला कळलं, आणि त्याचं एक मोठं वाहन होतं यूएसबी ड्राइव्ह. सीमेन्सच्या पीएलसीतला प्रोग्राम बदलून सेंट्रिफ्यूजचा वेग वरखाली करायचा आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर मात्र सगळं आलबेल दाखवायचा. आपल्या शॉपमध्ये तर सीएनसी प्रोग्राम टाकायला जो पेन ड्राइव्ह फिरतो त्यातच सुपरवायझरच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ असतो.

नाईट_शिफ्ट_वायरमन

मी पण शिरोलीचाच, दुसऱ्या फौंड्रीत मेंटेनन्सला हाय. भोसरीवाले साहेब, तुमचं सगळं खरं, पण येक सांगतो. आमच्या सँड प्लांटच्या एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) पासवर्ड मार्करनं लिहून चिकटपट्टी मारल्याली हाय. मीच मारलीया. का मारली ते पण ऐका. रात्री अडीचला मिक्सर ट्रिप झाला, तिकडं हीट, म्हंजी वितळल्यालं मेटल, तयार हाय, साचं भरायचं थांबल्यात, मेटल गार व्हाय लागलंय, आणि साहेब फोन उचलंनात. तवा मी पासवर्ड आठवत बसू का ओव्हरराइड मारू? म्हणून लिहून ठेवला. ऑडिटवाला येतो, चिकटपट्टी काढाय लावतो, तो गेला की परत लावतो. दाराला आत लिंबू-मिरची बी हाय, खंडेनवमीला हळदकुंकू बी करतो, पासवर्डचं काय घेऊन बसलासा.

सेफ्टी करा, पण रात्रपाळीला झेपंल अशी करा. न्हाईतर आमी वाट काढणारच.

पॅनलवाला_भोसरी

@नाईट_शिफ्ट_वायरमन भावा, तुझं शंभर टक्के मान्य. आतमध्ये, पॅनलसमोर उभ्या असलेल्या माणसाला अडवायची गरज नाही, त्याच्यासाठी आरएफआयडी कार्ड लाव, ज्याचं त्याचं, आठवायचं काही नाही. माझं भांडण बाहेरून येणाऱ्याशी आहे. चिकटपट्टी बाहेरच्याला दिसत नाही, ११११ मात्र दिसतं.

पण एक विचारतो, तुमच्या पीएलसीला चावी आहे का, रन-रिमोट-प्रोग्रामवाली (रन म्हणजे नुसतं चालवा, रिमोट म्हणजे लांबून बदल चालेल)? ती कुठे असते फिरवलेली?

नाईट_शिफ्ट_वायरमन

रिमोटला. चावी दोऱ्यानं बांधून लोंबत सोडल्याली हाय, हरवू नये म्हणून.

पॅनलवाला_भोसरी

वाटलंच. ती रनला फिरव आणि काढून शिफ्ट इन्चार्जच्या कपाटात ठेव. फुकटातला सगळ्यात मोठा उपाय आहे हा. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ट्रायटन नावाचा मालवेअर सापडला, तो थेट सेफ्टी सिस्टिमच्या कंट्रोलरमध्ये शिरला होता, म्हणजे जे यंत्र गडबड झाली की प्लांट बंद करून माणसं वाचवतं, त्यातच. शिरता आलं कारण चावी प्रोग्राम मोडमध्ये राहिली होती. एवढा महागडा ट्रिकॉनेक्स कंट्रोलर आणि चावी फिरवायची राहिली. रनमध्ये असती तर बाहेरून नवा लॉजिक घालता आला नसता.

रेंज_नाही (ठाणे)

फाइव्ह-जी आणि लोराबद्दल मी बोलतो, टेलिकॉममध्ये आहे.

प्रायव्हेट फाइव्ह-जी वाईट नाहीच. डिव्हाइसला सिम असतं, सिमशिवाय नेटवर्कमध्ये शिरता येत नाही, हवेतून जाणारा डेटा एन्क्रिप्टेड असतो, फोर-जीत सिमचा कायमचा ओळख-नंबर कधीकधी हवेत उघडा जायचा तोही स्टँडअलोन फाइव्ह-जीत झाकून पाठवायची सोय आहे. बंदर, खाण, मोठा गाड्यांचा कारखाना, जिथे क्रेन आणि एजीव्ही (बिनड्रायव्हरच्या गाड्या) दिवसभर हिंडत असतात आणि वायफाय एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना अडखळतं, तिथे घ्या की. पण तुमच्या नऊ सीएनसी फाउंडेशन बोल्टने जमिनीत गाडलेल्या आहेत, त्या कुठे चालल्यात? दोन-तीन हजार फूट चांगली शिल्डेड केबल आणि एक मॅनेज्ड स्विच, विषय संपला. फक्त फर्नेसच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका, तिथे फायबर टाका, इंडक्शनच्या नॉइजने वेड लागेल.

आणि व्हेंडर जे सांगत नाहीत ते हे की फाइव्ह-जी रस्ता सुरक्षित करतं, गाडीत कोण बसलंय ते नाही बघत. आतला मॉडबस मॉडबसच राहतो. एक डिव्हाइस बाटलं की त्याच सिमवरून तो बाकीच्यांशी बोलायला मोकळा, मध्ये फायरवॉल नसेल तर. आपल्याकडे कंपन्यांच्या स्वतःच्या नेटवर्कसाठी सीएनपीएनचे नियम २०२२ मध्ये आलेत, पण छोट्या शेडसाठी तो खेळ परवडणारा नाही, अजून तरी.

लोरा वेगळं प्रकरण, ते म्हणजे लांब पल्ल्याचं, कमी वीज खाणारं रेडिओ. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास, लायसन लागत नाही, बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतं, भिंतीपलीकडे एक-दोन किलोमीटर सहज जातं. पण एका वेळी मोजके बाइट जातात आणि तेही दर पाच-दहा मिनिटांनी. वीज मीटर, पाण्याची टाकी, डिझेलची पातळी, कूलिंग टॉवरच्या पाण्याचं टेंपरेचर यासाठी मस्त. मशीन थांबवायची कमांड लोरावर टाकतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. सिक्युरिटी कागदावर चांगली आहे, एईएस-१२८ एन्क्रिप्शन, नेटवर्कची किल्ली वेगळी आणि डेटाची वेगळी. प्रत्यक्षात मी बघितलेलं सांगतो, एका ठिकाणी इन्स्टॉलरने चाळीस सेन्सरला एकच किल्ली टाकली होती आणि ती एक्सेल शीटमध्ये सगळ्यांना मेल केलेली. एक सेन्सर भिंतीवरून उपटून नेला की चाळीसही गेले. कोटेशनमध्ये लिहून घ्या, जॉइन ओटीएएनेच (जोडताना दरवेळी नवी किल्ली ठरते), आणि प्रत्येक डिव्हाइसला स्वतंत्र किल्ली.

सोमण_सॉफ्टवेअर

बरं ते सगळं ठीक, पण कोल्हापूरच्या एका फौंड्रीवर कोण कशाला हल्ला करेल? त्यांना मोठे मासे पाहिजेत.

रेंज_नाही (ठाणे)

@सोमण_सॉफ्टवेअर जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा मालवेअर सुटला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, तिथल्या लोकांसाठी. अडकलं काय, तर मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम, आणि त्यात आपल्या न्हावा शेवाचं एक टर्मिनल. कंटेनर कुठे ठेवलाय तेच कळेना, ट्रकच्या रांगा लागल्या. मर्स्कने नंतर सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. उरणच्या ट्रकवाल्याचं युक्रेनशी काय वैर होतं? आणि २०१६ च्या मिराई मालवेअरने तर घरगुती कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा केले, साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या फिरवून. त्याला कॅमेऱ्यात काय दिसतंय याच्याशी घेणंदेणं नव्हतं, त्याला फक्त तुमची लाइन वापरून दुसऱ्याला मारायचं होतं. मासा छोटा की मोठा हे जाळं बघत नाही.

बिडाचा_कारभार (शिरोली)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी फुकट सांगत नाही. वायरमनदादांचं वाचून आमच्या मेंटेनन्सवाल्याला विचारलं, तो नुसता हसला.

आता गंमत ऐका. भोसरीवाल्या साहेबांचं वाचून म्हटलं आधी आपल्याकडे काय काय जोडलेलं आहे ते तरी बघू. रविवारी मी आणि भाऊ वही घेऊन सगळे पॅनल उघडत हिंडलो. मला खात्री होती की आमचं काहीच नेटला नाही. फर्नेसच्या पॅनलमध्ये खाली, ट्रान्सफॉर्मरच्या मागे, धुळीने काळा झालेला एक डबा, त्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय. फोर-जी राउटर! आत सिम. लेबलवर लिहिलेला पासवर्ड टाकला तर सरळ उघडलं. फर्नेस बसवणाऱ्यांनी वॉरंटीत लांबून सर्व्हिस द्यायला लावलेला, वॉरंटी संपून दोन वर्षं झाली.

भाऊ म्हणाला सिम बंद असेल. मी अकाउंटच्या मॅडमना फोन लावला, त्या म्हणाल्या, "हो की, त्या नंबरचा रिचार्ज दर महिन्याला आपणच करतो, मला वाटलं तुमचा दुसरा नंबर आहे." दोन वर्षं आम्ही आमच्याच फर्नेसच्या मागच्या दाराचं भाडं भरतोय.

सिम काढून ठेवलंय. पण आता अडचण अशी की फर्नेसला फॉल्ट आला की खरंच त्यांचा इंजिनीअर लांबून बघून सांगतो, मागच्या पावसाळ्यात थायरिस्टरचा प्रॉब्लेम त्याने अर्ध्या तासात धरला होता, कसा ते मी तेव्हा विचारलंच नाही. माणूस बोलवला तर दोन दिवस जातात. मग काय करू?

पॅनलवाला_भोसरी

हे दहापैकी सात ठिकाणी निघतं, लाजू नका. (हा माझा अंदाज आहे, कोणी पुरावा मागू नका.)

सर्व्हिस बंद करू नका, दाराची कडी आपल्या हातात घ्या. इंडस्ट्रियल व्हीपीएन (नेटवरून जाणारा झाकलेला खासगी रस्ता) राउटर घ्या, त्यातल्या बऱ्याच मॉडेलना डिजिटल इनपुट असतो, त्या इनपुटला २४ व्होल्ट मिळाले तरच रिमोट चालू होतं. त्या इनपुटला पॅनलच्या दारावर एक चावीवाला सिलेक्टर स्विच जोडा आणि वर एक दिवा. इंजिनीअरचा फोन आला की शिफ्ट इन्चार्ज चावी फिरवणार, दिवा लागणार, काम झालं की चावी बंद, दिवा बंद. रात्रपाळीच्या माणसालाही लांबून कळतं की आत्ता कोणीतरी बाहेरचा आत आहे. शंभर पानी पॉलिसीपेक्षा हा दिवा बरा. जमलं तर टायमर रिले टाका, दोन तासांनी आपोआप बंद, कारण चावी विसरणार हे लिहून घ्या.

सिम सुद्धा पब्लिक आयपीवालं (नेटवरून कुणालाही थेट गाठता येईल असं) घेऊ नका. आणि ऑफिस, सीसीटीव्ही, मशीन ही तीन नेटवर्क वेगळी, मध्ये फायरवॉल. नुसते व्हीलॅन (एकाच स्विचमधले वेगळे कप्पे) पाडून सगळे एकमेकांशी बोलू दिले तर ते चुन्याने रेघ मारून जमीन वाटल्यासारखं होतं. पीएलसी प्रोग्राम, सीएनसीचे पॅरामीटर, सगळ्याचा बॅकअप घेऊन हार्ड डिस्क कपाटात, जोडलेली नको. पॅरामीटरचा बॅकअप तसाही लागतोच, फानुकची बॅटरी संपून पॅरामीटर उडाले की कळतं.

स्टुटगार्टकर

इथे मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे, एकच भर घालतो. युरोपचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट डिसेंबर २०२४ पासून अमलात आलाय, त्यातल्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तुमच्या कास्टिंगला नाही लागणार, पण तुमच्या आसपास जे एसपीएम (एकाच कामासाठीची खास मशिनं) बनवून इकडे पाठवतात त्यांच्या कंट्रोल पॅनलला लागणार. सगळीकडे एकच डिफॉल्ट पासवर्ड ठेवून माल विकता येणार नाही, आणि मशीन विकल्यावर अपडेट द्यायची जबाबदारी पण अंगावर. त्यामुळे नवीन फर्नेस किंवा मशीन घेताना व्हेंडरला आत्ताच विचारा, अपडेट किती वर्षं देणार ते. गप्प बसला तर भाव पाडा.

रेंज_नाही (ठाणे)

आणि आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहेच, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे. आयओटीवरचे हल्लेही त्या यादीत आहेत. त्या राउटरचे लॉग असतील तर काढून ठेवा सिमबरोबर, कोण कोण येऊन गेलं ते बघायला.

बिडाचा_कारभार (शिरोली)

लॉग बघितले, फक्त शेवटचे काही दिवस राहतात त्यात. लॉगिनचे फसलेले प्रयत्न रोजचे शेकड्यांनी आहेत, रात्रंदिवस, बाहेरच्या आयपीवरून. आत कोणी शिरल्याचं दिसत नाही, पण जुनं काही कळायला मार्ग नाही. फर्नेसवाल्यांना बोलावून पीएलसीचा प्रोग्राम त्यांच्याकडच्या मूळ प्रोग्रामशी ताडून घेतला, जुळला. रात्री नीट झोपलो.

पोर्टवाल्याला "नको" म्हणून कळवलं. फाइव्ह-जीवाल्याला सांगितलं पुढच्या शेडला बघू. केबल, गेटवे आणि फायरवॉल असं घेतोय, लोरा फक्त वीज मीटर आणि बोअरवेलच्या टाकीला. कस्टमरला वाचायचे आकडे तेवढे मिळतील असं मेल केलं, त्यांच्या आयटीवाल्याने "ओके" एवढंच उत्तर दिलं, म्हणजे त्यांनाही तेवढंच पाहिजे होतं.

चावीचा स्विच काल बसला. दिव्यावरून मात्र वाद झाला. मी लाल म्हणालो तर आमचा वायरमन म्हणतो लाल म्हणजे ट्रिप, पोरं पळत येतील. हिरवा म्हणजे रन. पिवळा कूलिंग वॉटरच्या अलार्मला आधीच आहे. निळा पाहिजे म्हणतो, आणि तो काही इथे दुकानात मिळाला नाही.

नाईट_शिफ्ट_वायरमन

निळा माझ्याकडं दोन पडल्यात, २४ व्होल्टचं. सकाळी सातला शिफ्ट सुटली की गेटवर सोडून जातो.

बिडाचा_कारभार (शिरोली)

या की, चहा घेऊनच जावा.